माझ्या पाठीच्या मापाचा पट्टा

१५ नोव्हें. ९६, शुक्र.

भाऊबिजेची शिलाई संपली एकदाची. पाठ म्हणजे नुसता ठणका. मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कमरेचा पट्टा आज काढला आणि माळ्यावर फेकला. दिवाळीभर सोसला, आता बास. उजव्या बरगडीवर घासून साल गेलंय आणि डावीकडं हात जाईल एवढी पोकळी. तो पट्टा सरळ माणसांसाठी केलेला आहे. माझी पाठ शाळेत असल्यापासून उजवीकडं वळलीय, ती काय दुकानातला पट्टा बघून सरळ होणार नाही. डॉ. म्हणालेच होते, बाक जाणार नाही, पण आधार मिळाला तर बसून काम होईल. मग तो आधार माझ्या अंगाचा पाहिजे की नको?

अर्ध्या पलूसचे ब्लाऊज मी शिवते. मला माझा पट्टा शिवता येत नाही होय? बघतेच.

१७ नोव्हें., रवि.

शेजारच्या शैलाला बोलावून मापं घेतली. दार लावून. शैला टेप धरून गप्पच. म्हटलं, सांग की. म्हणाली, "शकू, दोन्हीकडचं माप येगळं येतंय." म्हटलं, ते मला माहीत आहे, तू आकडा सांग.

माहीत होतं, पण आकड्यात कधी बघितलं नव्हतं. माझा ब्लाऊज मी अंदाजानं बेतते आणि डाव्या खांद्याखाली कापूस भरते. आत्याची शिकवण. दहावीला असताना पहिला कापूस तिनंच भरला, म्हणाली, "आता कुणाला कळत न्हाई." तेव्हापासून भरतेय.

वर्तमानपत्रं चिकटवून अंगावरच कापली. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. कळीच्या परकराला असतात तशा उभ्या कळ्या. नाडी पुढून. मागून बांधायची तर रोज ओढायला माणूस लागतं, आणि मला कुणाच्या मिनतवाऱ्या करायच्या नाहीत.

२० नोव्हें., बुध.

कापड: गादीच्या खोळीचं, निळ्या रेघांचं. ताणत नाही. आतून आईचं जुनं लुगडं, मऊ. आई म्हणाली, "गादी फाडलीस का काय?" सांगितलं काय करतेय ते. "एवढ्या येळात गिऱ्हाईकाचं ब्लाऊज झालं असतं," म्हणून चुलीकडं गेली.

कळीच्या प्रत्येक जोडावर उभा नेफा धरला, आत काहीतरी ताठ घालायला. बांबूच्या कामट्या तासून घातल्या. अंगात चढवून मशीनवर बसले आणि कट्. एक कामटी मोडून बेंबीशेजारी घुसली. रक्त थोडंच, राग लय.

मग छत्रीच्या काड्या. त्या मोडत नाहीत, पण टोक बाहेर येतं. आण्णांची छत्री गेली ती गेली. अजून त्यांना सांगितलेलं नाही.

२३ नोव्हें., शनि.

आण्णांना छत्री सापडली. माझे वडील पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, आता साखर कारखान्याच्या गेटवर असतात. बोलणं तेव्हाही कमी, आता त्याहून कमी. छत्रीचा सांगाडा उलटासुलटा करून बघितला. "कशाला?" सांगितलं. सांगाडा खुंटीला अडकवून बाहेर पडले.

संध्याकाळी कापडाच्या गठ्ठ्यांना बांधून येते ती लोखंडी पट्टी बाजारातनं गोळा करून घेऊन आले. पत्र्याच्या कात्रीनं माझ्या मापावर कापली, टोकं कानशीनं गोल केली, वर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले. "आता टोचायची न्हाई." एवढंच.

छातीखालपासून थेट मांडीच्या सांध्यापर्यंत पट्ट्या घातल्या. पुढं, मागं, दोन्ही कुशींना. जितकी लांब तितका आधार, असा माझा हिशेब.

२६ नोव्हें., मंगळ.

नाडीसाठी हातानं काजं केली होती. ओढल्याबरोबर सगळी फाटली. म्हणून आज एस.टी.नं कराड. तिथं ताडपत्रीवाल्याकडं पितळी कड्या ठोकून मिळतात. दुकानात उसाच्या गाड्यांचे ड्रायव्हर उभे. मालकानं विचारलं, "ट्रॅक्टरची का ट्रकची?"

म्हटलं, "माणसाची." आणि पट्टा काउंटरवर पसरला.

सगळे बघायला लागले. बघा, म्हटलं मनात. मालकानं उलटून पालटून बघितलं, मग काही न विचारता कड्या ठोकल्या. ओळीनं, सारख्या अंतरावर, झकास. एक ड्रायव्हर हसला. त्याला म्हटलं, "तुमाला पायजे असला तर सांगा. बसून बसून कंबर धरत असंल." बाकीचे मग त्यालाच हसले.

लेस आण्णांच्या पलटणीतल्या जुन्या बुटांच्या. मागितल्या नव्हत्या, मशीनवर आणून ठेवलेल्या दिसल्या.

२८ नोव्हें., गुरु.

घातला.

श्वास सोडला, लेस ओढली, गाठ मारली. काय सांगू. कुणीतरी दोन्ही हातांनी कमरेला धरून "बस निवांत" म्हटल्यासारखं. सकाळी मशीनवर बसले ती दिवेलागणीला उठले. मधे फक्त जेवण. दुखलं, नाही असं नाही. पण मधेच उठून भिंतीला धरून उभं राहायला लागलं नाही.

शैला म्हणत होती, आरशात बघ. कशाला? आरशात बघायला केलाय का मी? पाटलीणबाईंची बाही राहिली होती, ती लावली.

२ डिसें., सोम.

कराडची आत्या आली. मी मशीनवर, अंगात पट्टा, वर नुसता पातळ ब्लाऊज. तिनं पिशवी खाली ठेवली आणि बाजारात म्हैस बघतात तशी माझ्याभोवती फेरी मारली. "उठ बघू. चाल बघू. अगं वैनी, भाईर ये, पोरगी सरळ दिसाय लागली."

आई हात पुसत आली आणि बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आधी वाटलं, माझं दुखणं कमी झालं म्हणून.

आत्याकडं स्थळ आहे. दहिवडीकडचं. मुलगा मिलिटरीत ड्रायव्हर, सुट्टीवर आलाय. घरी आई-वडील, थोडी जिरायत, शेरडं. रविवारी बघायला येणार. "ह्ये आत घालायचं, वरनं कापूस, पदराला पिना. बास."

मी म्हटलं, हा पट्टा मी कामासाठी केलाय.

"मग ह्ये काय काम न्हाई व्हय?"

४ डिसें., बुध.

आत्या मुक्कामाला. घरात दुसरा विषय नाही. आजचं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते, पुढं मऊ पडले तर वाचायला.

"आदीची समदी स्थळं कशानं परत गेली?"

म्हटलं, पाठीनं.

"मग पाठ दावायची कशाला?"

म्हटलं, लग्न झाल्यावर दिसणारच की.

"झाल्यावर कोण परत करतंय?"

मी कात्री खाली ठेवली, कारण हातात ठेवणं बरं नव्हतं. म्हणजे फसवून त्यांच्या घरात घुसायचं आणि मग जन्मभर त्यांची तोंडं बघत बसायचं. मी चोरी केलीय का? माझ्या पाठीनं कुणाचं काय घेतलंय?

आण्णा बाहेर ओट्यावर होते. तिथं सगळं ऐकू जातं. उठले आणि शेळीला पाला टाकायला गेले. मला आत्यापेक्षा त्यांचा राग आला.

७ डिसें., शनि.

आई कालपासून जेवली नाही. उपास नाही, वार नाही. "मी मेल्यावर तुझं कोण बघंल?" म्हटलं, मशीन बघेल. तर रडायलाच लागली.

शेवटी मी म्हटलं, घालते. पण मला कुणी सरळ विचारलं तर मी खरं सांगणार. आत्या हसली. "आत पट्टा घातलाय का, असं कोण इचारतं गं पोरीला?"

ठरलं. आई जेवली. मी माझ्यावर खूश नाही.

८ डिसें., रवि.

राग येतोय का हसू, ते कळत नाही.

लेस आत्यानं स्वतः ओढली, गुडघा लावून. मी कधी ओढत नाही एवढी घट्ट. वर कापूस, वर ब्लाऊज, वर शैलाची मोरपंखी साडी. आरसा पण तिनंच धरला. आरशात एक सरळ बाई उभी होती, तिची माझी ओळख नव्हती.

मुलगा, त्याचे आई-वडील, थोरले चुलते. पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. इथपर्यंत ठीक. मग आत्या म्हणाली, "पाया पड बाई समद्यांच्या."

आणि तिथं आमच्या घरातल्या सगळ्या शहाण्यांच्या डोक्यात उजेड पडला. आठवडाभर पदराचा विचार झाला, कापसाचा झाला, पिनांचा झाला. पाया पडायचा विचार कुणीच केला नाही. मीही नाही. मी पट्टा केला तो मशीनच्या उंच स्टुलावर ताठ बसायला. त्यात खालपर्यंत वाकताच येत नाही.

मुलाची आई पुढंच बसलेली. वाकले आणि अर्ध्यात अडकले. लोखंड मांडीत रुतलं, हात त्यांच्या गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. परत वाकले. तेच. शेवटी उभी राहून हात जोडले.

चुलते म्हणाले, "पाया पडायची पद्धत न्हाई व्हय तुमच्यात?"

आत्या म्हणाली, "लचक भरलीय हो तिच्या कमरंत, कालपासनं."

मुलाच्या आईनं आत्याकडं बघितलंच नाही. मला विचारलं, "काय झालंय गं पोरी?"

विचारलं. सरळ विचारलं.

म्हटलं, "लचक न्हाई. माझ्या पाठीला बाक हाय, ल्हानपणापासनं. आत लोखंडी पट्ट्या घातलेला पट्टा बांधलाय, त्यानं वाकता येत न्हाई. थांबा, आले."

आत गेले. आत्याची गाठ सुटता सुटेना, शैलानं दातानं सोडवली. पट्टा काढला, कापूस काढला. ब्लाऊज डावीकडं लोंबायला लागला. लोंबू दे. पट्टा हातात तसाच घेऊन बाहेर आले, खुर्चीवर ठेवला आणि सगळ्यांच्या पाया पडले. नीट, कपाळ टेकवून. मग पाठ फिरवून उभी राहिले. "ही अशी हाय. घरातलं सगळं करते, शिवण दिवसभर करते. आनि काय इचारायचं असंल तर इचारा."

चुलत्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलाचे वडील भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मुलगा इतका वेळ गप्प होता, त्यानं खुर्चीवरचा पट्टा हातात घेतला, कड्यांवरनं अंगठा फिरवला.

"कराडात बसवल्या?"

"व्हय."

"चांगल्या बसवल्यात."

चुलत्यांनी डोळे वटारले, त्यानं पट्टा परत खुर्चीवर ठेवला.

जाताना त्याची आई आमच्या आईला म्हणाली, "आदी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." ते खरंच होतं.

९ डिसें., सोम.

आत्या काल संध्याकाळच्याच गाडीनं गेली, चहा न घेता. "तुज्या पोरीनं माझं नाक कापलं," हे आण्णांना. आई बोलत नाही, भांडी बोलतात.

आण्णा ड्युटीला निघताना दारात थांबले. "शकू, मी बोलाय पायजे हुतं."

म्हटलं, व्हय, पायजे हुतं.

मान हलवली आणि सायकल घेऊन गेले. असू दे, असू दे म्हणून मी सोडून दिलं नाही, बरं केलं.

दुपारी पट्टा उसवला. पुढच्या पट्ट्या आखूड करून परत घातल्या. आता खालपर्यंत वाकता येतं. पाया पडायला नाही, खाली पडलेलं रीळ उचलायला.

१२ डिसें., गुरु.

गावभर झालंय. पाहुण्यांपुढं पोरीनं पट्टा काढून ठेवला, एवढंच जातंय कानोकानी, आणि त्यात मीठमसाला. आज एक गिऱ्हाईक बाई ब्लाऊज टाकायला आली, माप देईना, माझ्या पाठीकडंच बघत बसली. म्हटलं, वैनी, बघून झालं असंल तर हात वर करा, मला मुंढ्याचं माप घ्यायचंय. केला बिचारीनं.

बरं वाटतंय, हे कुणाला सांगू? आईला सांगायची सोय नाही.

१५ डिसें., रवि.

आत्या परत आली, पेढे घेऊन. दहिवडीकडनं होकार आलाय. मुलानंच घरात सांगितलं, करायची तर हीच. आई देवापुढं साखर ठेवायला धावली. मी... खरं लिहायचं तर आनंद झाला. लय झाला. हातातलं काज वाकडं गेलं.

मग आत्या म्हणाली, "एकच हाय."

पुढच्या रविवारी साखरपुडा. तेव्हा आणि लग्नात, त्यांच्या भावकीपुढं, मी पट्टा घालायचा. कापूस पण. चुलत्यांची अट. गावात बोभाटा नको. लग्न झाल्यावर घरात कशी पण राहा म्हणे.

"एवढं काय अवगड हाय?" आत्या.

मी पेढा खाल्ला नाही.

१६ डिसें., सोम.

मुलगा मला आवडला. हे इथंच लिहिते, शैलाला पण सांगितलेलं नाही. माझी पाठ बघून बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या, त्यानं पट्टा हातात घेऊन बघितला. पण ही अट ऐकून तो काय म्हणाला, ते आत्याला माहीत नाही. गप्प बसला असेल, आमच्या आण्णांसारखा. त्याचाच जास्त राग येतोय.

आई म्हणते, एका दिवसाचं सोंग. एका दिवसाचं कसं? साखरपुड्याला लपवलं की लग्नात लपवा, मग हळदीकुंकवाला लपवा, जत्रेला लपवा, पोरांच्या बारशाला लपवा. दहावीतला कापूस मी आजवर वाहतेय, मला नको सांगायला.

नाही म्हणजे नाही. जाऊ दे गेलं स्थळ तर. रडू येतंय ते येऊ दे.

१८ डिसें., बुध.

निरोप न्यायला आत्या नको, तुम्हीच जा, असं आण्णांना सांगितलं. काय बोलायचं ते म्हणूनही घेतलं त्यांच्याकडून: पोरगी साखरपुड्याला पट्ट्याबिगर, कापसाबिगर उभी राहील. पटलं तर रविवारी या.

आई म्हणाली, "आवं, जाऊ नका. हातानं मोडू नका." आण्णांनी टोपी घातली आणि गेले. मी बघतच राहिले.

संध्याकाळी परत.

"सांगितलं?"

"सांगितलं. जसंच्या तसं."

"काय म्हणाले?"

"चुलता म्हणला, बघू."

"आणि तो?"

"ष्ट्यांडवर सोडाय आला हुता. पलटणीचंच बोलत हुता."

"बाकी काय न्हाई?"

"गाडी आली मग."

बघू म्हणे. बरं, बघा.

१९ डिसें., गुरु.

आईचा मार्गशीर्षातला गुरुवार. मी साखरपुड्याचा ब्लाऊज बेतायला घेतला, लाल सिल्कचा. ते येवोत न येवोत, लाल ब्लाऊज काय वाया जात नाही. शैलाला हाक मारत होते, मापं घ्यायला. तर आई पूजेवरनं उठली आणि माझ्या हातातनं टेप घेतला.

आईनं माझं माप कधी घेतलेलं नाही. माझ्यामागं उभी राहिली. बराच वेळ टेप लागेना. मग तिचा हात उजवीकडच्या फुगवट्यावर आला. गार होता. मी मोठी झाल्यापासून तिनं तिथं हात लावलेला नाही.

"दुखतं का गं?"

दिसतं का, हे या घरात रोज विचारलं गेलं. दुखतं का, हे आज पहिल्यांदा.

"व्हय."

"कुटं?"

तिचा हात धरून दाखवलं. बरगडीखाली, इथं. आणि कमरेच्या वर, इथं. तिनं थोडा वेळ हात तसाच ठेवला. दोघीही रडलो, मी जास्त.

मग मापं घेतली. डावं वेगळं, उजवं वेगळं. ती मोठ्यानं सांगत होती, मी लिहीत होते.

"आणि कापूस?"

"न्हाई."

"बरं."

२२ डिसें., रवि., सकाळ

साडी नेसून बसलेय. ब्लाऊज अंगाला चोख बसलाय, कुठं घोळ नाही, कुठं ओढ नाही. मागनं पाठ दिसते. दिसू दे. पट्टा मशीनपाशी टांगलाय, उद्या कामाला बसताना लागेल.

दहिवडीकडची पहिली गाडी आली आणि गेली. कुणी उतरलं नाही. आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून मघापासून फाट्यावर उभे आहेत. दुसऱ्या गाडीची वेळ होत आलीय. आत्यानं यायचं टाळलं. माझ्या छातीत धडधडतंय, ते काय लपवायचं.

आईनं मोठ्या पातेल्यात रवा भाजायला घेतलाय. मधेच थांबून मला विचारलं, "माणसं आलीच न्हाईत, तर एवढ्या शिऱ्याचं काय करायचं?"

म्हटलं, खायचं. भूक आपल्याला पण लागलीय. तूप हात राखून घालू नको.